कॅटलॉगची फाईल चढत नाही? ऑनलाईन दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छोट्या दुकानदारांच्या ऑनलाईन कॅटलॉगचं काम करते. मसाले, पितळी भांडी, लहान मुलांचे कपडे असा माल असतो. चारशे वस्तू एकेक करून भरायला आठवडा जातो, म्हणून सगळे शीट भरून एकदम चढवतात आणि तिथेच अडतात. फोनवर मला जे प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं मुख्यतः वूकॉमर्स आणि शॉपिफाय या ऑनलाईन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरची आहेत, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही दुकानाला लागू पडतील.

फाईल चढवताना एरर आला. सगळ्यात आधी काय करू?

ती फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. बहुतेक जण घाईत नेमकं हेच करतात आणि जे वाचवता आलं असतं तेही हातचं जातं. आधी फाईलची एक प्रत काढून बाजूला ठेवा. मग सीएसव्ही फाईल (शीटची साध्या मजकुरातली प्रत, कॉलम स्वल्पविरामाने तोडलेले) नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेल तुम्हाला त्याने लावलेला अर्थ दाखवतं, नोटपॅड फाईलमध्ये खरोखर काय आहे ते दाखवतं.

एररमध्ये ओळ क्रमांक दिला असेल तर दोन गोष्टी तपासा. हेडिंगची ओळ पहिली धरली आहे की नाही, आणि वर कुठे वर्णनाच्या आत एंटर मारलेला आहे का. एका वर्णनात तीन एंटर असतील, तर नोटपॅडमधल्या ओळी आणि वेबसाईटने मोजलेल्या ओळी जुळत नाहीत. मग माणूस भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो.

एक्सेलमध्ये तर सगळं बरोबर दिसतंय. मग वेबसाईट चूक का काढते?

कारण सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. त्यात रंग नाही, फॉरमॅट नाही, दुसरं शीट नाही, फॉर्म्युला नाही. समोर जे शीट उघडं आहे तेवढंच सेव्ह होतं, आणि तेही सेलमध्ये जसं दिसतंय तसं. तुम्ही कॉलमला 'टेक्स्ट' असा फॉरमॅट दिला होता, ही गोष्ट सीएसव्हीला माहीतच नसते. तीच फाईल पुन्हा डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल प्रत्येक सेलकडे नव्याने बघतं. आकड्यासारखं दिसलं की आकडा करतं, तारखेसारखं दिसलं की तारीख करतं. तुम्ही बोटही न लावता फक्त सेव्ह दाबलं, की तो बदल कायमचा होतो.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी प्रत्येक दुकानदाराला हात जोडून सांगते. मूळ यादी एक्सेलच्या नेहमीच्या एक्सएलएसएक्स फाईलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये ठेवा. दुरुस्ती तिथेच करा. सीएसव्ही फक्त चढवण्यापुरती काढा आणि चढवून झाली की ती पुन्हा उघडू नका. खालच्या अर्ध्या तक्रारी एवढ्यानेच संपतात.

मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली आहेत. ती परत मिळतील का?

त्या फाईलमधून नाही. एक्सेलच्या 'सेव्ह ॲज' यादीत सीएसव्हीचे दोन-तीन प्रकार असतात. त्यातला साधा 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' निवडला की देवनागरी अक्षरं ठेवायला त्यात जागाच नसते आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. अक्षरं दडलेली नसतात, गेलेली असतात. मूळ एक्सएलएसएक्स उघडा आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडून पुन्हा सेव्ह करा. यूटीएफ-८ म्हणजे कुठल्याही लिपीची अक्षरं साठवायची पद्धत. हा पर्याय एक्सेल २०१६ पासून आहे. त्याहून जुनं एक्सेल असेल, तर फाईल गूगल शीट्समध्ये नेऊन तिथून सीएसव्ही डाउनलोड करा. ती यूटीएफ-८ मध्येच येते.

प्रश्नचिन्हं नाहीत, पण चित्रविचित्र युरोपी अक्षरांचा खिचडा दिसतोय.

मग घाबरू नका, माल शाबूत आहे. फाईल यूटीएफ-८ च आहे, फक्त उघडताना एक्सेलने ती वेगळ्या लिपीची समजली आहे. तशीच सेव्ह न करता बंद करा. मग एक्सेलच्या 'डेटा' टॅबवर जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'फाईल ओरिजिन' मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा आणि डेटा टाईप ओळखू नको असा पर्याय द्या. असं केल्यावर हेडिंगच्या वर कॉलम १, कॉलम २ अशी एक जादा ओळ येते. टेबलचं साध्या रेंजमध्ये रूपांतर करून ती ओळ काढल्याशिवाय सेव्ह करू नका. लिबरऑफिस कॅल्क वापरत असाल तर हे सगळं फाईल उघडतानाच विचारलं जातं. या कामासाठी मला तेच जास्त आवडतं.

याच्याशी जोडलेली एक उलटी अडचण आहे. पहिला कॉलम डोळ्यांसमोर असूनही काही वेबसाईट 'पहिला कॉलम सापडला नाही' म्हणतात. यूटीएफ-८ फाईलच्या अगदी सुरुवातीला एक्सेल तीन बाइटची अदृश्य खूण ठेवतं आणि ती पहिल्या हेडिंगला चिकटते. नोटपॅडच्या 'सेव्ह ॲज' मध्ये खाली एन्कोडिंग 'यूटीएफ-८' ठेवा, शेजारचा 'विथ बीओएम' नको.

आमची यादी पूर्वी श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाईप केली आहे. ती चढेल का?

नाही. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. वेबसाईटवर तो फॉन्ट नाही, म्हणून चेहरा गळून पडतो. यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्याखालून घालाच. 'र्ध्या' सारख्या ठिकाणी हमखास गडबड होते.

बारकोडच्या जागी ८.९०१२३ई+१२ असं आलं. हे काय आहे?

साध्या सेलमध्ये अकरापेक्षा जास्त अंकांचा आकडा आला की एक्सेल तो आखडून दाखवतं. आपल्याकडचे ८९० ने सुरू होणारे बारकोड तेरा अंकी असतात, त्यामुळे सगळेच यात सापडतात. तुम्ही अजून एक्सएलएसएक्समध्येच असाल तर काही बिघडलेलं नाही. कॉलम निवडा, फॉरमॅट 'नंबर' करा, दशांश शून्य ठेवा, पूर्ण आकडा समोर येईल. पण आखडलेलं असतानाच सीएसव्ही केली असेल, तर फाईलमध्ये तेवढंच लिहिलं गेलं. ती पुन्हा उघडली की ८९०१२३००००००० असा शून्यांनी भरलेला आकडा मिळतो, आणि त्याच कंपनीच्या दहा वस्तूंचा बारकोड एकच होतो. मग वेबसाईट 'डुप्लिकेट' म्हणून ओरडते, आणि ते बरोबरच असतं.

बारकोड खरा आहे का हे तपासायची एक सोपी रीत आहे. शेवटचा अंक सोडून पहिले बारा घ्या. समजा ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक आहेत. विषम जागांवरच्या अंकांची बेरीज ८+०+२+४+६+८, म्हणजे २८. सम जागांवरची ९+१+३+५+७+९, म्हणजे ३४, तिला तीनने गुणलं की १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून शेवटी ०. शीटमध्ये हा फॉर्म्युला एकदा लावून ठेवला की चुकीचा बारकोड चढवण्याआधीच सापडतो.

एचएसएन कोडातला पुढचा शून्य सारखा उडतो.

एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड. मसाल्याच्या दुकानांना याचा फार त्रास होतो. हळद ०९१० मध्ये येते, मिरची ०९०४ मध्ये. शून्य उडाला की राहतो ९१०. एचएसएनमध्ये पहिले दोन अंक प्रकरणाचे असतात. ०९ म्हणजे चहा, कॉफी आणि मसाले, तर ९१ म्हणजे घड्याळं. त्यामुळे हा शून्य क्षुल्लक नाही, तो बिलावर जातो. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर चार अंक आणि त्यावर सहा अंक, असा नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे. तीन अंकी कोड कुठेच बसत नाही.

उपाय असा: कोड टाईप करण्याआधीच कॉलमला 'टेक्स्ट' फॉरमॅट द्या. नंतर दिला तर उडालेला शून्य परत येत नाही. काही जण बरोबरीचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं लावून कोड लिहितात. एक्सेलपुरतं ते चालतं, पण वेबसाईटवर ती चिन्हंही कोडाचा भाग म्हणून जातात.

साईझच्या जागी तारखा आल्या!

लहान मुलांच्या कपड्यांत हे सतत होतं. एका दुकानाच्या झबली-कुर्त्यांची फाईल मी स्वतः चढवली होती. साईझ वयाप्रमाणे होत्या: ३-४, ५-६, ७-८ अशा. संध्याकाळी दुकानाच्या ताईंचा फोन आला, "गिऱ्हाईक विचारतंय, ऑगस्ट साईझ म्हणजे काय?" साईट उघडली तर साईझच्या यादीत ३-एप्रिल, ५-जून, ७-ऑगस्ट, ९-ऑक्टोबर, ११-डिसेंबर आणि सगळ्यात खाली शहाण्यासारखं १३-१४. तेरा तारखेला चौदावा महिना सापडत नाही, म्हणून तेवढी एक साईझ वाचली होती. शेवटचं सेव्ह मीच दाबलं होतं. त्या दिवसापासून चढवण्याआधी साईझचा कॉलम मी वाचून काढते.

या खोडीने फक्त दुकानदारच हैराण झाले असं नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं एक्सेलमध्ये मार्च-सप्टेंबरच्या तारखा होत होती, म्हणून नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. २०२३ मध्ये एक्सेलने अशी काही आपोआप होणारी रूपांतरं बंद करायची सोय दिली. 'ऑप्शन्स' मध्ये 'डेटा' या भागात 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' खालच्या खुणा काढून टाका. पण ती सोय त्या जनुकांच्या नावांसारख्या सलग अक्षर-अंकांपुरती आहे, ३-४ ची तारीख तरीही होऊ शकते. म्हणून साईझ '३ ते ४ वर्षे' अशी शब्दांत लिहा. गिऱ्हाइकालाही ते पटकन कळतं.

किंमत बरोबर लिहिली आहे तरी 'अवैध किंमत' म्हणतं.

किमतीच्या कॉलमात फक्त अंक हवेत. रुपयाचं चिन्ह नको, '/-' नको, स्वल्पविराम नको. १,२९९ मधल्या स्वल्पविरामावर काही वेबसाईट एरर देतात, त्या बऱ्या म्हणायच्या. काही ठिकाणी वाचन स्वल्पविरामापाशीच थांबतं आणि १२९९ ची वस्तू १ रुपयाला विक्रीला लागते. हे कळेपर्यंत ऑर्डरी आलेल्या असतात. जर्मनीसारख्या देशात राहून दुकान चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. तिथल्या विंडोज सेटिंगमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि कॉलम तोडायला अर्धविराम असतो, त्यामुळे सीएसव्ही वेगळीच निघते.

दुसरी अडचण खास आपली. देवनागरी अंक. मराठी कीबोर्डवर नाव लिहिता लिहिता किंमतही त्याच कीबोर्डवर लिहिली जाते. आपल्या डोळ्याला दोन्ही अंक सारखेच, पण बहुतेक वेबसाईटना देवनागरी अंक म्हणजे अक्षरं वाटतात. किंमत, साठा, वजन, बारकोड, एसकेयू (प्रत्येक वस्तूला दुकानाने दिलेला स्वतःचा कोड) हे सगळं इंग्रजी अंकांत लिहा. नावात आणि वर्णनात देवनागरी अंक खुशाल ठेवा.

एकच कॅटेगरी दोनदा तयार झाली. स्पेलिंग तर सारखंच आहे.

दिसायला सारखं आहे, आतून नाही. शेवटी राहिलेली स्पेस हे नेहमीचं कारण. 'ट्रिम' फॉर्म्युल्याने ती जाते. पण वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, तिला 'ट्रिम' शिवत नाही. तिला 'सब्स्टिट्यूट' मध्ये 'कॅर(१६०)' देऊन काढावं लागतं.

मराठीत याहून गहन प्रकार आहे. 'ॲल्युमिनियम' मधला ॲ दोन तऱ्हांनी टाईप होतो: एक अख्खं अक्षर म्हणून, आणि दुसरा साध्या 'अ' वर चंद्र ठेवून. 'कोऱ्या' मधला ऱ्य सुद्धा दोन तऱ्हांनी येतो, एकात वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. फोनवर टाईप केलेलं आणि संगणकावर टाईप केलेलं असं दिसायला एक आणि आतून दोन असू शकतं. वेबसाईट अक्षरांमागचे क्रमांक जुळवते, चेहरा नाही. कॅटेगरीची नावं कधीच हाताने टाईप करू नका. एका वेगळ्या शीटवर यादी ठेवा आणि तिथूनच ड्रॉपडाऊनने निवडा.

वर्णनामुळे ओळ फुटते, पुढचे कॉलम सरकतात.

वर्णनात स्वल्पविराम किंवा एंटर असेल तर तो सेल अवतरणचिन्हांत हवा. एक्सेल हे आपोआप करतं. नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्ती केली की बिघडतं. भांड्यांच्या दुकानात इंचाचं चिन्ह त्रास देतं. '१४" परात' मधलं ते चिन्ह सीएसव्हीला अवतरण संपल्याची खूण वाटतं. तिथे ते दोनदा लिहावं लागतं, किंवा सरळ '१४ इंची परात' लिहा. वर्णनाची सुरुवात वजाच्या किंवा बरोबरीच्या चिन्हाने करू नका. एक्सेल त्याला फॉर्म्युला समजतं आणि तुमच्या वर्णनाच्या जागी एररचा हॅश येतो.

फोटो का येत नाहीत?

बहुधा तुम्ही गूगल ड्राईव्हची शेअर लिंक दिली आहे. ती लिंक फोटोची नाही, फोटो दाखवणाऱ्या पानाची आहे. लिंक कोऱ्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. लॉगिन न करता आणि भोवती कुठलाही मेनू न दिसता नुसता फोटो दिसला, तर ती चालेल. सगळ्यात सोपं म्हणजे फोटो आधी दुकानाच्याच मीडियात चढवा आणि तिथला पत्ता शीटमध्ये घाला. फाईलच्या नावात स्पेस आणि देवनागरी टाळा. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात येतात, ते जेपीजी करून घ्या.

एका वस्तूचे अनेक फोटो असतील तर वूकॉमर्समध्ये एकाच सेलमध्ये स्वल्पविरामाने पत्ते लिहितात. शॉपिफायमध्ये तोच हँडल (वस्तूच्या पानाच्या पत्त्यातलं तिचं नाव) लिहून प्रत्येक फोटोला नवी ओळ लागते. एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही, ती याच कारणाने.

'स्किप्ड' म्हणून ४० वस्तू वगळल्या. का?

वूकॉमर्समध्ये जुन्या वस्तू अपडेट करायची खूण केली की फक्त आधी असलेल्या वस्तू बदलतात, नव्या वगळल्या जातात. खूण नसेल तर नव्या येतात आणि त्याच एसकेयूच्या जुन्या वगळल्या जातात. म्हणून नवा माल आणि भाव-बदल यांच्या दोन वेगळ्या फाईली करा.

शॉपिफायमध्ये जुन्यावर नवं लिहायची खूण करताना जपून. कॉलम आहे पण रिकामा आहे, तर आधीची माहिती पुसली जाते. कॉलमच नसेल तर जुनी माहिती तशीच राहते. फक्त भाव बदलायचे असतील तर वर्णनाचा रिकामा कॉलम फाईलमध्ये ठेवू नका.

अर्धीच फाईल चढली. पुन्हा पूर्ण चढवू का?

नको. आधी वेबसाईटवरून सध्याचा कॅटलॉग एक्सपोर्ट करा, कुठपर्यंत आलंय ते एसकेयूवरून बघा आणि उरलेल्या ओळींचीच फाईल करा. एसकेयू रिकामे ठेवून तीच फाईल पुन्हा चढवली तर सगळा माल दुप्पट होतो.

अर्धवट चढण्याचं कारण सहसा फाईलचा आकार किंवा मध्येच संपलेला वेळ असतो. शॉपिफायची मर्यादा १५ एमबी आहे. वूकॉमर्समध्ये ती तुमच्या होस्टिंगवर ठरते. वूकॉमर्स ज्या भाषेत चालतं त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी असते, होस्टिंगवाल्यांना सांगून वाढवता येते. मी पाचशे-पाचशे ओळींचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यावर हेडिंगची ओळ ठेवते.

आणि जुना एक्सएलएस प्रकार वापरू नका. त्यात ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेचे कोविडचे १५,८४१ रुग्ण याच मर्यादेमुळे नोंदीतून काही दिवस सुटले होते.

सगळ्या वस्तूंचे भाव इकडचे तिकडे झाले.

कुणीतरी एकाच कॉलमचं सॉर्टिंग केलं. एक्सेल विचारतं, शेजारचे कॉलमही बरोबर घेऊ का, आणि घाईत 'नाही' दाबलं जातं. नावं जागेवर राहतात, भाव सरकतात. यावर एरर येत नाही, कारण प्रत्येक सेलमध्ये वैध आकडाच असतो. म्हणूनच मला ही सगळ्यात वाईट चूक वाटते. चढवल्यावर मधल्या कुठल्याही पाच वस्तू निवडून भाव हाताने तपासा, पहिल्या पाच नकोत.

ऑफर चुकीच्या दिवशी सुरू झाली.

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. ०२-१०-२०२५ असं लिहिलं तर अमेरिकी पद्धतीने ती १० फेब्रुवारी होते, आणि दसऱ्याची सूट आठ महिने आधीच सुरू झालेली असते.

जीएसटीचा कॉलम कसा भरू?

आधी त्या कॉलमात काय अपेक्षित आहे ते बघा. वूकॉमर्सच्या टॅक्स क्लासमध्ये दर नाही, क्लासचं नाव लागतं. दर लागत असेल तर ५ हवं की ५%, हे नमुना फाईलवरून ठरवा, कारण टक्क्याच्या सेलमध्ये एक्सेल आत ०.०५ ठेवतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आहेत. नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना ५ टक्के आणि त्यावर १८. त्याआधीची फाईल नमुना म्हणून वापरत असाल तर हा कॉलम आधी कोरा करा.

मोबाईलवरून फाईल दुरुस्त केली तर चालेल का?

बघायला चालेल, दुरुस्त करायला नको. काही ॲप न विचारता सेव्ह करतात.

एवढं करूनही जमलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. जी चढवली तीच सीएसव्ही, एक्सेलमध्ये न उघडता, झिप करून पाठवा, म्हणजे वाटेत कुणी उघडून सेव्ह करणार नाही. सोबत एररचा पूर्ण मजकूर आणि कोणतं सॉफ्टवेअर वापरून सेव्ह केली ते लिहा. त्याआधी एक प्रयोग करा: हेडिंग आणि फक्त दोन वस्तू ठेवून फाईल चढवा. चढली, तर दोष उरलेल्या ओळींत आहे. उरलेल्यांचा अर्धा भाग घाला, मग त्याचा अर्धा. चारशे ओळींत चूक असलेली ओळ नऊ प्रयत्नांत हाती लागते.